फकरूभाईची मंद नाडी

तिसगावात कुणी जरा भराभर पाय उचलले की लोक त्याला टोकायचे, "का रं, फकरूभाईची थैली घेऊन निघालास का काय?" एवढा त्याच्या चालण्याचा लौकिक होता. फक्रुद्दीन हा टपालाचा हरकारा. सरकारी कागदात रनर, गावाच्या तोंडी फकरूभाई. पहाटेची फजरची नमाज झाली की तो गोरक्षनाथ मास्तरांच्या ओट्यावर हजर व्हायचा. मास्तर शाळाही सांभाळायचे आणि टपालही, त्यामुळे त्या ओट्यावर एकीकडे पाढे चालायचे आणि दुसरीकडे शिक्के. थैली खांद्यावर टाकून फकरूभाई जो निघायचा तो साडेचार कोसांवरच्या मिरीत जाऊनच टेकायचा, आणि तिथली थैली उचलून दिवस कलायच्या आत परत यायचा. रोजचे नऊ कोस. अशी अठरा वर्षं त्याने काढली, रमजानात तोंडात पाण्याचा थेंब न घेता काढली, आणि तेवढ्या काळात त्याला साधी कणकण आल्याचंही गावाला आठवत नव्हतं.

दिसायला म्हणाल तर माणूस अगदीच किरकोळ. कुडतं काढलं तर बरगड्या मोजून घ्याव्यात. पण वाटेला लागला की गडी बदलायचा. पहिला अर्धा कोस तो रमतगमत जायचा. ओढा ओलांडला की श्वासाला आपोआप एक ठेका सापडायचा, आणि मग पाय आपले आपण चालतायत, आपण नुसते वर बसून निघालोय, असं त्याला वाटायचं. तरवडाची पिवळी फुलं, बाभळीखालून फडफडत उठणारे तित्तर, टेकाडावर पोचून मागं वळलं की निळे दिसणारे गर्भगिरीचे डोंगर, हे सगळं त्याला पाठ होतं. वाटेवरच्या वस्त्यांवर माणसं त्याच्यासाठी ताटकळत उभी असायची. कुणाचा भाऊ मुंबईच्या गिरणीत, कुणाचा मुलगा पलटणीत. पुष्पावती नावाची एक म्हातारी तर रोज बांधावर येऊन बसायची, पत्र असो नसो. "आज न्हाई, मावशी," एवढंच बोलून तो पुढे जायचा, आणि तेवढ्यावरही ती त्याला भरभरून आशीर्वाद द्यायची. आपली कुणीतरी वाट बघतंय, ही गोष्ट त्याला फार आवडायची. त्या आवडीपायी त्याने कधी खाडा केला नाही.

घरी बायको, मुबारकबी. एकुलती एक मुलगी शकिला कर्जतला दिलेली. ती वर्षातून एकदा आली तर आली. म्हणजे मुबारकबी दिवसभर एकटीच. त्याबद्दल ती कधी काही बोलल्याचं फकरूभाईला आठवत नव्हतं. खरं सांगायचं तर ती बोललीही असेल, पण दमून आलेल्या माणसाचं लक्ष भाकरीकडे असतं.

एकेचाळीस सालच्या थंडीत नगरहून डॉक्टर हेमचंद्र देवचक्के बैलगाडीने तिसगावात आले. गावाने आधी त्यांच्यापुढे आजारी माणसांची रांग लावली. डॉक्टर म्हणाले, आजारी नकोत, मला धडधाकट माणसं द्या. हे काही कुणाच्या डोक्यात शिरेना. धडधाकट माणसाला डॉक्टर कशाला? पण या गृहस्थांचा ध्यासच वेगळा होता. त्यांचे वडील कचेरीत कारकून होते आणि बावन्नाव्या वर्षी लिहिता लिहिता मेजावरच गेले. तेव्हापासून, बसून काम करणारा माणूस लवकर का ढासळतो आणि चालणारा का टिकतो, हे आकड्यांनी दाखवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. त्यासाठी ते गावोगाव फिरत होते. शिंपी, वाणी, तलाठी एका यादीत. मेंढपाळ, पाणके, हरकारे दुसऱ्या यादीत.

चाचणी अशी होती: आधी माणसाला स्वस्थ बसवून नाडी मोजायची. मग गुडघ्याएवढ्या लाकडी खोक्यावर पाच मिनिटं त्याने चढायचं, उतरायचं, चढायचं, उतरायचं, तेही ठेक्यात. आणि शेवटी पुन्हा नाडी. ठेक्यासाठी त्यांनी टिकटिकणारं एक यंत्र आणलं होतं, पण करंजीच्या घाटात गाडी आदळली तेव्हाच त्याने मान टाकली. मग भीमाला हलगी घेऊन पारावर बोलावलं. भीमाचा हात असा की एकदा गरम झाला की त्याचा त्यालाच आवरत नसे. खोक्यावर श्रीमंत शिंपी चढला होता. नावाचाच श्रीमंत, बाकी सगळी मालमत्ता म्हणजे एक शिवणयंत्र आणि पुढे आलेलं पोट. हलगी जशी चढत गेली तशी त्याची धोतर सावरता सावरता पुरेवाट झाली.

"भीमराव, हळू!" डॉक्टर ओरडले. "ही वरात नाही!"

"हळूच वाजिवतोय साहेब," भीमा म्हणाला, "त्योच भरभर नाचतोय."

सगळा पार हसला. श्रीमंतची बसल्या जागची नाडी भरली चौऱ्याऐंशी. डॉक्टरांनी ती लिहून घेतली.

मग फकरूभाईचा हात त्यांनी हातात घेतला. मिनिटभराने घड्याळ कानाला लावून बघितलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. बेचाळीस. खोक्यावर पाच मिनिटं चढउतार करून झाल्यावर फकरूभाईने सहज विचारलं, "अजून किती करायचं?" डॉक्टरांचे डोळे चष्म्यामागे चमकले. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "विलक्षण! फक्रुद्दीनभाई, इतकी मंद नाडी मी सबंध जिल्ह्यात पाहिली नाही!" पाथर्डी गाठायची होती म्हणून ते लगेच गाडीत बसले. दोन वर्षांनी येतो, तेव्हा दुसरी मोजणी, एवढं जाता जाता सांगितलं आणि गाडी निघून गेली.

डॉक्टर बिचारे तोंडभर कौतुक करून गेले. पण कौतुकासाठी त्यांनी जो शब्द वापरला तो आमच्याकडे कधी वापरतात हे त्यांना नगरात राहून कुठून कळणार? माणूस शेवटच्या घटकेला आला, पाय गार पडले, की मग कुणीतरी मनगट सोडून हळूच म्हणतं, नाडी मंदावली. त्यानंतर बायका पदर तोंडाला लावतात आणि पुरुष सोयऱ्यांना निरोप धाडायला उठतात. मुबारकबीच्या घरात हे वाक्य उच्चारलं की कुराणातलं यासीन वाचायला माणूस बोलवायचा. त्यात आकड्यांनी आणखी घोळ घातला. मास्तरांच्या शाळेमुळे गावाला शंभरातले गुण तेवढे ठाऊक होते. श्रीमंत शिंप्याला चौऱ्याऐंशी मिळाले आणि फकरूभाईला बेचाळीस. श्रीमंत दुसऱ्या दिवसापासून छाती काढून बसायला लागला. "आपली नाडी गावात पैली आली," असं तो गिऱ्हाइकाचं माप घेता घेता सांगायचा, आणि वर फकरूभाईसाठी हळहळायचा. "बिचारा निम्म्यातच गेला हो."

मुबारकबीला ही बातमी आडावर कळली. ती भरलेली घागर तिथेच ठेवून घरी पळत आली. फकरूभाई पायाला तेल चोळत बसला होता. ती त्याच्यासमोर मटकन बसली आणि रडायलाच लागली.

"अगं, मला काय झालंय? आजबी मिरीला जाऊन आलो की मी!"

"तेच तर! ह्या असल्या जिवानं तुमी नऊ कोस जाता. वाटंत काय झालं म्हंजे? कोन हाय तितं बघायला?" तिने त्याच्या मनगटावर बोट ठेवलं. ठोका आला. मग ती थांबली, थांबली, तिला वाटलं आता येतच नाही, आणि मग दुसरा आला. "या अल्ला," ती म्हणाली.

दोन दिवस त्याने ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी ती त्याच्या आधीच मास्तरांच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली. मास्तर म्हणाले, "मला तर फकरूभाई ठणठणीत दिसतोय."

"दिसत्यात, मास्तर. पन डाक्टरनं घड्याळ लावून मोजलंय. तीन डाव."

मास्तरांनाही घड्याळ मानावं लागलं. आणि खुद्द फकरूभाईच्या मनातही तोवर पाल चुकचुकली होती. चालताना तो स्वतःचे ठोके ऐकायला लागला होता. मरणाची भीती त्याला फारशी नव्हती. त्याच्या डोळ्यांपुढे दुसरंच यायचं: आपण वाटेत कोसळलोय आणि थैली धुळीत पडलीय, तिच्यात कुणाकुणाच्या मुलाची खुशाली, आणि वस्तीवरची माणसं बांधावर उभी. ते चित्र त्याला सोसवेना. प्रकृतीच्या कारणाने काम सोडतो, असा अर्ज मास्तरांनी लिहिला आणि फकरूभाईने त्यावर अंगठा उठवला. थैली मढीच्या गहिनीनाथकडे गेली.

त्यानंतर पाच वर्षं फकरूभाई दारात बसून राहिला. त्याने घायपाताचे दोर वळायला घेतले, कारण ते बसून होतं. पहिले काही महिने तर त्याचे पाय झोपेतही हलायचे. गोधडी सरकलेली दिसायची. मुबारकबीने त्याला कशाला म्हणून हात लावू दिला नाही. पाणी ती आणणार, लाकडं ती फोडणार. कोंबडी अंड्यावर बसायच्या आत अंडं याच्या ताटात. शेजारणी म्हणायच्या, मुबारकबी, नवऱ्याला पाळण्यात तेवढं घालायचं राहिलं बघ. ती हसायची. त्या वर्षांत ती जरा गाणंबिणं गुणगुणायला लागली होती, हेही खरं.

सकाळी गहिनीनाथ दारावरून जाताना हरकाऱ्याच्या काठीच्या घुंगरांचा आवाज आला की फकरूभाईच्या हातातला दोर थांबायचा. आता ओढा आला असेल. आता टेकाड. आता श्वास लागला असेल ठेक्याला. बसल्या जागी तो सगळी वाट चालून यायचा आणि मिरीत पोचेपर्यंत त्याला कुणी हाक मारलेली खपायची नाही. कधी उन्हाचा झोत बदलायचा आणि त्याला टेकाडावरचा वारा आठवायचा. माणसाला मूल आठवतं, आई आठवते; याला एक धुळीची वाट आठवायची आणि डोळे भरून यायचे. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बसून खायला मिळतंय ते गोड लागत नाही का?

गहिनीनाथ परत आला की तो विचारायचा, "म्हातारी बसली हुती का रं बांधावर?"

"कोन म्हातारी?" गहिनीनाथ म्हणायचा. "म्या न्हाई बघितलं."

हे उत्तर त्याला दिवसभर सलायचं.

बसून बसून पोट आलं. मशिदीच्या सात पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. बघा, गाव म्हणालं, डॉक्टर उगाच बोलला नव्हता! धाप लागली म्हणून मुबारकबीने त्याला आणखी बसवलं, आणि बसला म्हणून आणखी धाप लागली. दोन वर्षं झाली तरी डॉक्टर आले नाहीत. फकरूभाईने मास्तरांकडून त्यांना एक पत्र लिहवून घेतलं: साहेब, नाडी मंद आहे म्हणजे किती दिवस आहेत ते कळवावे. दोन महिन्यांनी पत्र तसंच परत आलं. डॉक्टर लढाईवर गेले आहेत, असा शेरा होता. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं पोचवलेल्या माणसाचं एवढं एक पत्र पोचलं नाही.

पंचेचाळीस साली श्रीमंत शिंपी गेला. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला काज करता करता यंत्रावर डोकं टेकलं ते टेकलंच. वय अठ्ठेचाळीस. गाव चक्रावून गेलं. चौऱ्याऐंशीवाला गेला आणि बेचाळीसवाला अजून दोर वळतोय, हा हिशेब कुणाला लागेना. फकरूभाई मात्र मातीला जाऊन आला आणि बराच वेळ आपलं मनगट धरून बसला. काहीतरी उलटं समजलंय आपल्याला, हा विचार पहिल्यांदा त्याच्या मनात आला. पण विचारायचं कुणाला?

शेहेचाळीसच्या थंडीत दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. गहिनीनाथला साखर कारखान्यात काम लागलं आणि तो थैली ठेवून गेला. मास्तर फकरूभाईकडे आले. "जागा रिकामी झालीय. पंधरा दिवसांत मला नाव कळवायचंय. तुझं नाव मी आनंदाने घालीन, पण तुझाच आजारपणाचा अर्ज वर गेलेला आहे. डॉक्टरचा कागद लागेल, हा माणूस नऊ कोस चालायला लायक आहे असा." आणि चौथ्या दिवशी पाराशी एक गाडी थांबली. त्यातून डॉक्टर देवचक्के उतरले. केस पांढरे झालेले, एक पाय किंचित ओढत. उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं, "माझा बेचाळीसवाला कुठं आहे?"

फकरूभाईला बोलावणं आलं तेव्हा तो चपला न घालताच निघाला. मागोमाग मुबारकबीही आली आणि बायकांत उभी राहिली.

डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली, मास्तरांकडून, भीमाकडून, खुद्द त्याच्याकडून. ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला.

"अहो, मंद म्हणजे मरायला टेकलेली नव्हे!" ते जवळजवळ ओरडलेच. "विहिरीवर दोन मोटा असतात, बघा. मोठी मोट एका खेपेत पाट भरते, लहान मोटेला दोन खेपा लागतात. तुमचं काळीज एका ठोक्यात जेवढं रक्त लोटत होतं, तेवढ्याला श्रीमंतच्या काळजाला दोन ठोके लागत होते. रोजच्या नऊ कोसांनी ते तसं झालं होतं. लढाईवर मी हजारो जवान तपासले, फक्रुद्दीनभाई. असं काळीज मला तिथंही दिसलं नाही. प्रत्येक ठिकाणी मी तुमचं उदाहरण सांगत आलो!"

फकरूभाई हसायला लागला, अगदी लहान मुलासारखा. पाच वर्षांचं ओझं उतरलं होतं. तो म्हणाला, "मंग लिवा की साहेब कागद! उद्याच जातो मिरीला!"

"आधी मोजू," डॉक्टर म्हणाले.

मोजलं. अठ्ठ्याहत्तर.

डॉक्टरांनी पुन्हा मोजलं, आणि आकडा सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. गावातल्या कुणीतरी "वा, वाढली की!" म्हटलं, त्याच्याकडे त्यांनी असं बघितलं की तो गप्प बसला. खोकं मांडलं. भीमाने हलगी घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो खरोखर हळू वाजवायला लागला. मुद्दाम, फकरूभाईला जमावं म्हणून. पहिलं मिनिट बरं गेलं. दुसऱ्याच्या शेवटी फकरूभाईचे ओठ पांढरे पडले. तिसऱ्यात पाय खोक्यावर ठेवताना अडखळला, तरी तो थांबेना. दात ओठ खाऊन चढत होता, उतरत होता. डोळ्यांपुढे ओढा होता, टेकाड होतं. शेवटी डॉक्टरांनीच त्याला धरून खाली बसवलं आणि हलगी थांबली.

दम परत आल्यावर त्याने एवढंच विचारलं, "पुन्ना मंद हुईल का, साहेब?"

"होईल. बेचाळीस नाही आता, पण साठ-बासष्टपर्यंत येईल. उद्यापासून चाला. आधी थोडं, अगदी हळू. दर आठवड्याला जरासं वाढवायचं. सहा महिन्यांनी मी मुद्दाम येईन, तपासीन आणि त्याच दिवशी कागद देईन."

"आन आज?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "आज दिला तर तुम्ही वाटेत पडाल. तो कागद माझ्या हातून व्हायचा नाही."

फकरूभाईने मास्तरांकडे बघितलं. मास्तर म्हणाले, "जागा पंधरा दिवसांच्या वर थांबत नाही रे." आणि ते तोंड फिरवून शाळेकडे गेले. जाण्याआधी डॉक्टर फकरूभाईसमोर उभे राहिले. मी त्या दिवशी गाडी पाच मिनिटं थांबवायला हवी होती, असं म्हणाले. फकरूभाईने "तसं काय न्हाई, साहेब," म्हणून त्यांना नमस्कार केला.

घरी आल्यावर तो दारात बसला. मुबारकबी चुलीपुढे गेली, पण चूल पेटवली नाही. मग बाहेर येऊन उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

"शकिलाचे अब्बा, मीच केलं हे सगळं. मीच गेल्ते मास्तराकडं."

"तुला काय ठावं हुतं? भ्यालीस तू."

"भ्याले. पयले चार-सा म्हैने लई भ्याले. मंग भ्या गेलं माझं. तुमी बसून भाकर खाता, झोपता, हसता. मला कळत हुतं की मरायचं काय लक्षान न्हाई ह्ये. तवाच म्हनायला पायजे हुतं, जावा बाबा, पुन्ना धरा तुमची वाट. म्या न्हाई म्हनले."

फकरूभाईने वळून बघितलं. "का?"

"अठरा वर्सं रोज तुमची वाट बघितली म्या. सकाळपासनं. शकिला गेल्यावर तर घरात बोलायला भिताडं तेवढी. त्या बांधावरल्या म्हातारीचं तुमाला वाईट वाटायचं, माझं कदी वाटलं का? मला वाटलं, अल्लानं दिलाय एवढा मानूस घरात, ऱ्हाऊ दे. पन कुटं ऱ्हायला? मी तुमाला घरात बशिवलं, आन तुमी वाटंची वाट बघत बसला. पाच वर्सं! मंग घरी आलं कोन?"

फकरूभाईला आधी राग आला. खरा राग, कानशिलं तापली. पाच वर्षं हिने दाबून ठेवली! हीच बाई आपल्या ताटात अंडं वाढत होती आणि गुणगुणत होती. तो काहीतरी कडू बोलणार होता, पण तिच्याकडे बघता बघता त्याला ते जमेना. वाट बघणं म्हणजे काय असतं हे पाच वर्षांपूर्वी त्याला ठाऊक नव्हतं. आता चांगलंच ठाऊक होतं. डोळे कसे भरून येतात, आवाज आला की हात कसा थांबतो, आणि कुणाला सांगायची कशी सोय नसते, हे सगळं. हिने ते अठरा वर्षं केलं होतं, आणि ज्याची वाट बघितली तो माणूस रोज संध्याकाळी येऊन, जेवून, झोपून जात होता. त्याचा राग उतरत गेला आणि त्या जागी लाज आली.

मग तो म्हणाला, "सकाळी चल माझ्यासंगट. वढ्यापातूर."

"मला काय झेपतंय?"

"मला तरी कुटं झेपतंय आता? डाक्टरनं हळूच चालाया सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी फजरनंतर दोघं निघाली. ती त्याच्या चार पावलं मागे, रिवाजाप्रमाणे. पण दोनदा त्यालाच धाप लागून थांबावं लागलं, तेव्हा ती पुढे आली आणि मग पुढच्या वाटेला दोघं बरोबरीनेच चालली. ओढ्यात पाणी थोडं होतं. पलीकडे तरवड फुलला होता. मुबारकबी दगडावर टेकली, पदराने तोंड पुसलं आणि समोर नजर टाकली. लग्नाला तीस वर्षं होत आली होती, पण या वाटेला तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"हीच व्हय ती?" ती म्हणाली.

"हीच."

ती बराच वेळ बघत राहिली. "चांगली हाय खरं," ती म्हणाली.

ओढ्यापासून वाट वर चढत टेकाडाकडे गेली होती. जागा भरेपर्यंत मास्तरांनी लावलेला बदली रनर त्यांच्या शेजारून थैली घेऊन निघाला, ओढा ओलांडून बघता बघता लहान झाला. त्याच्या पायांना ठेका सापडलेला फकरूभाईला इथूनसुद्धा कळला. त्याचे स्वतःचे पाय जमिनीवर नुसते थरथरत होते. टेकाडावरून तो माणूस दिसेनासा झाला तरी फकरूभाई तिकडेच बघत उभा होता, आणि मुबारकबीने त्याला घाई केली नाही. मग त्याने तिला हात देऊन उठवलं, आणि तिच्याबरोबर तो घरी आला.